एंडोथेलिनचे दोन रिसेप्टर आणि आपली किडनी

प्रश्न : मॅडम, माझी मुलगी २६ वर्षांची आहे, पुण्यात नोकरी करते. गेल्या वर्षी लघवीला फार फेस येतो म्हणून तपासण्या केल्या आणि बायोप्सीत ‘आयजीए नेफ्रोपॅथी’ निघाली. चोवीस तासांच्या लघवीतून १.८ ग्रॅम प्रोटीन जातंय. टेल्मिसार्टन ही रक्तदाबाची गोळी सुरू आहे. माझा भाचा न्यू जर्सीत असतो. तिकडे ‘स्पारसेंटन’ नावाची नवी गोळी आली आहे, ती एंडोथेलिनला अडवते आणि मी ती पाठवू शकतो, असं तो म्हणतो. हे एंडोथेलिन म्हणजे काय? आणि गोळी मागवावी का? — एक आई, सांगली

उत्तर : तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण तिथे थांबणं जास्त गरजेचं आहे. भाच्याला गोळी पाठवू देऊ नका. औषध चांगलं आहे, पण ते पार्सलने मागवून घरच्या घरी सुरू करण्यासारखं नाही. स्पारसेंटनची एकच गोळी दोन कामं करते. ती एंडोथेलिनचा ‘ए’ रिसेप्टर, म्हणजे पेशीवरची ज्या जागी हा रेणू येऊन बसतो ती जागा, अडवते आणि टेल्मिसार्टन रक्तदाब वाढवणाऱ्या अँजिओटेन्सिनच्या ज्या रिसेप्टरला अडवते तोही अडवते. म्हणजे टेल्मिसार्टन चालू ठेवून ही घेतली, तर रक्तदाब फार खाली जाण्याचा आणि पोटॅशियम वाढण्याचा धोका. स्पारसेंटन सुरू करताना टेल्मिसार्टन बंद करावी लागते. यकृताच्या तपासण्या सुरुवातीला आणि नंतरही ठरावीक अंतराने कराव्या लागतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं, या गटातल्या कुठल्याही औषधाने गर्भातल्या बाळात गंभीर व्यंग येऊ शकतं. गर्भधारणा नाही याची खात्री करून आणि गर्भनिरोधनाची पक्की सोय करूनच ते देतात. टेल्मिसार्टनही गरोदरपणात चालत नाही, हे मुलीला तिच्या डॉक्टरांनी सांगितलं असेलच. नसेल तर पुढच्या भेटीत तिने स्वतः विचारावं. मूल कधी हवं, हवं का, हा विचार तिच्या औषधांच्या आखणीचा भाग आहे आणि तो तिचा तिने मोकळेपणाने डॉक्टरांशी बोलायला हवा.

आता एंडोथेलिन. रक्तवाहिन्यांना आतून पेशींचं एक पातळ अस्तर असतं, त्याला एंडोथेलियम म्हणतात. बरीच वर्षं ते नुसतं अस्तर मानलं जात होतं. १९८८ साली जपानच्या त्सुकुबा विद्यापीठात, तोमोह मासाकी यांच्या प्रयोगशाळेत, मासाशी यानागिसावा या तरुण संशोधकाने डुकराच्या महारोहिणीतल्या अस्तराच्या पेशी वाढवून त्यातून २१ अमिनो आम्लांचा एक छोटा रेणू वेगळा काढला. रक्तवाहिनी आवळणारा इतका जबर रेणू तोवर कुणी पाहिला नव्हता. तोच एंडोथेलिन. त्याच वर्षी आणखी एक गोष्ट उजेडात आली. इस्रायलमधल्या ‘अॅट्रॅक्टॅस्पिस’ जातीच्या, जमिनीत बिळात राहणाऱ्या सापाच्या विषातला सॅराफोटॉक्सिन नावाचा घटक रचनेने एंडोथेलिनचा जवळचा भाऊ निघाला. तोही २१ अमिनो आम्लांचा. हृदयाच्या रक्तवाहिन्या आवळून हे विष मारतं. सापाने भक्ष्य मारायला वापरलेली रचना आपलं शरीर थेंबाथेंबाने रोजच्या कामाला वापरतं, हे शिकवताना मला दर वर्षी नव्याने विलक्षण वाटायचं.

मुलीच्या किडनीत काय चाललंय ते असं. आयजीए नावाच्या प्रतिपिंडाचे गठ्ठे किडनीच्या गाळणीत, म्हणजे ग्लोमेरुलसमध्ये, अडकून बसतात. तिथल्या पेशी चिडतात आणि एंडोथेलिन जास्त बनवू लागतात. ते ‘ए’ रिसेप्टरवर बसलं की गाळणीच्या आसपासच्या बारीक रक्तवाहिन्या आवळतात, आतल्या पेशींची वाढ होते, आणि पोडोसाइट नावाच्या पेशी, ज्यांच्या बोटांसारख्या टोकांमुळे प्रोटीन रक्तात राहतं, त्या आपला आकार सोडतात. मग प्रोटीन लघवीत उतरतं, फेस येतो. हे वर्षानुवर्षं चाललं की गाळणीच्या जागी व्रणासारखे घट्ट तंतू तयार होतात, आणि ते पुन्हा मऊ होत नाहीत. म्हणून आता, क्रिएटिनिन (किडनी मंदावली की रक्तात साठणारा घटक) फारसं वाढलेलं नसताना, प्रोटीन कमी करण्याची एवढी धडपड असते.

स्पारसेंटनची चाचणी ४०४ प्रौढ रुग्णांवर झाली. निम्म्यांना स्पारसेंटन, निम्म्यांना इर्बेसार्टन, म्हणजे तुमच्या टेल्मिसार्टनच्याच घरातली गोळी. ३६ आठवड्यांनी स्पारसेंटनच्या गटात लघवीतलं प्रोटीन जवळजवळ ५० टक्क्यांनी उतरलं, इर्बेसार्टनच्या गटात सुमारे १५ टक्क्यांनी. त्यावर २०२३ च्या फेब्रुवारीत अमेरिकेने तात्पुरती मान्यता दिली आणि २०२४ च्या सप्टेंबरमध्ये ती पूर्ण केली. फक्त ‘ए’ रिसेप्टर अडवणाऱ्या अॅट्रासेंटनलाही २०२५ च्या एप्रिलमध्ये याच आजारासाठी तिथे तात्पुरती मान्यता मिळाली.

पण एक गोष्ट भाच्यालाही सांगा. हेच स्पारसेंटन ‘एफएसजीएस’ या दुसऱ्या किडनीविकारात तपासलं, तिथेही प्रोटीन छान उतरलं, आणि तरी दोन वर्षांनी किडनीच्या कार्यक्षमतेत ठळक फरक दिसला नाही. लघवीतलं प्रोटीन हा फार उपयोगी निर्देशांक आहे, पण तो उतरला म्हणजे किडनी वाचलीच असं प्रत्येक आजारात म्हणता येत नाही. आयजीए नेफ्रोपॅथीत किडनीच्या ऱ्हासाचा वेगही थोडा मंदावलेला दिसला. थोडा, पण दिसला.

वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने आपल्याकडच्या आयजीए रुग्णांचा चिकाटीने पाठपुरावा केला आहे. आपल्याकडे हा आजार तरुण वयात सापडतो आणि अनेकांत झपाट्याने पुढे जातो, हे त्यातून पुढे आलं. तेव्हा ‘थोडं प्रोटीनच तर जातंय’ असं घरात कुणी म्हणत असेल, तर तुम्ही त्यांना गप्प करा. मुलीने डॉक्टरांना विचारावं, टेल्मिसार्टन तिला सोसेल त्या जास्तीत जास्त डोसपर्यंत नेलं आहे का? डॅपाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या, पण किडनीलाही सांभाळणाऱ्या गोळीचा विचार झाला आहे का? प्रोटीन दिवसाला अर्ध्या ग्रॅमच्या खाली आणण्यासाठी पुढची पायरी काय? एंडोथेलिन अडवणारं औषध तिच्यासाठी योग्य आहे का आणि ते इथे रीतसर मिळण्याचा मार्ग कोणता, हा प्रश्न त्याच भेटीत, त्याच डॉक्टरांना. आणि मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत. पापड, लोणचं, फरसाण, बाहेरच्या भाज्या हे सगळं धरून पाच ग्रॅम. टेल्मिसार्टनचा निम्मा गुण खारट जेवणात वाहून जातो.

प्रश्न : मॅडम, मी नागपूरला बी. फार्म.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. पुस्तकात एंडोथेलिन म्हणजे रक्तवाहिन्या आवळणारा, रक्तदाब वाढवणारा रेणू असं आहे. पण उंदराच्या किडनीतल्या कलेक्टिंग डक्टमधून एंडोथेलिनचं जनुक काढून टाकलं तर रक्तदाब वाढतो, असं एका पेपरमध्ये वाचलं. हे उलटं कसं? सरांना विचारलं तर ते म्हणाले, परीक्षेला नाही. — एक विद्यार्थिनी, नागपूर

उत्तर : परीक्षेला नसलं तरी तुझा प्रश्न या विषयाच्या मर्मावर आहे. तो तुला पडला याचा मला मनापासून आनंद झाला.

मी पीएच.डी.ला असताना उंदराच्या महारोहिणीच्या कड्या ऑर्गन बाथमध्ये, म्हणजे अवयवाचा तुकडा जिवंत ठेवणाऱ्या भांड्यात, टांगून काम केलं. ३७ अंशांवर क्रेब्ज द्रावण, खालून बुडबुडणारा ऑक्सिजन, आणि कडीला बांधलेला दोरा ताण मोजणाऱ्या ट्रान्सड्यूसरला. नॉरअॅड्रेनालिन घातलं की कडी लगेच आवळते. द्रावण बदलून धुतलं की काही मिनिटांत सैल. एंडोथेलिन घातलं की कडी हळूहळू आवळत जाते, आणि मग धुवा, पुन्हा धुवा, ताणाची रेघ वरच. तासभर वरच. रेणू रिसेप्टरला इतका घट्ट बसतो की द्रावणातून गेला तरी त्याचं काम चालूच राहतं.

पण भूल दिलेल्या जिवंत उंदराच्या शिरेत तेच एंडोथेलिन टोचलं, तर रक्तदाबाची रेघ आधी खाली जाते! थोडा वेळ खाली, आणि मग वर चढून बराच वेळ वर राहते. १९८८ मध्येच लंडनला जॉन व्हेन यांच्या गटाने हे दाखवलं होतं. पुस्तकातलं वाक्य त्या चढणीबद्दल आहे. तुझ्या प्रश्नाचं उत्तर त्या सुरुवातीच्या घसरणीत आहे.

डिसेंबर १९९० मध्ये ‘नेचर’च्या एकाच अंकात, लागोपाठच्या पानांवर, दोन जपानी गटांनी दोन वेगळे रिसेप्टर जाहीर केले. क्योटोच्या गटाने एक, त्सुकुबाच्या गटाने दुसरा. पुढे त्यांना ‘ए’ आणि ‘बी’ म्हणू लागले. ‘ए’ मुख्यतः रक्तवाहिनीच्या स्नायूत असतो आणि ती आवळतो. ‘बी’ अस्तराच्या पेशीत असतो, तिथून नायट्रिक ऑक्साइड आणि प्रोस्टासायक्लिन सोडवतो आणि वाहिनी सैल करतो. शिवाय रक्तात फिरणारं एंडोथेलिन टिपून नाहीसं करण्याचं कामही ‘बी’च करतो, विशेषतः फुप्फुसात. सुरुवातीची घसरण ही ‘बी’ची, नंतरची चढण ‘ए’ची. (काही रक्तवाहिन्यांच्या स्नायूतही ‘बी’ असतो आणि तिथे तो आवळतो. ते तूर्त बाजूला ठेव.)

आता किडनीकडे ये. शरीरात सगळ्यात जास्त एंडोथेलिन-१ कुठे सापडतं माहीत आहे? हृदयात नाही, महारोहिणीतही नाही. ते किडनीच्या आतल्या गाभ्यात सापडतं, आणि तिथे ते मुख्यतः कलेक्टिंग डक्टच्या पेशी बनवतात. कलेक्टिंग डक्ट हा लघवी तयार होण्याचा शेवटचा टप्पा. रोज सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो, त्यातलं जवळजवळ सगळं पाणी आणि मीठ अलीकडच्या नळ्या परत घेतात, आणि उरलेल्या थोड्याशा भागाचं काय करायचं ते इथे ठरतं. कालव्याच्या शेवटच्या चारीवर पाटकरी उभा असतो, तसं हे ठिकाण. तिथल्या थोड्या फरकावर सगळा हिशोब अवलंबून. तिथे एंडोथेलिन ‘बी’ रिसेप्टरवर बसतं, नायट्रिक ऑक्साइड तयार होतो, आणि पेशीच्या पडद्यातली, सोडियम आत ओढणारी ‘ईनॅक’ नावाची वाट मंदावते. शिवाय व्हॅसोप्रेसिन या पाणी राखणाऱ्या हॉर्मोनच्या हुकमाने पाणी आत घेणंही ते रोखतं. म्हणजे इथे एंडोथेलिन मीठ आणि पाणी बाहेर जाऊ देतं. पेशी स्वतः बनवते, शेजारी सोडते आणि स्वतःच त्याचं ऐकते.

तू वाचलेला पेपर बहुधा अमेरिकेतल्या युटा विद्यापीठातल्या डोनाल्ड कोहान यांच्या गटाचा, २००४ चा. त्यांनी उंदरात फक्त कलेक्टिंग डक्टमधलं एंडोथेलिन-१ चं जनुक काढलं, बाकी शरीर जसंच्या तसं. साध्या खाण्यावरच उंदरांचा रक्तदाब चढला, आणि खारट खाणं दिलं तर आणखी चढला, कारण आलेलं मीठ किडनीला वेळेत बाहेर टाकता येईना. ईनॅक अडवणारं अमिलोराइड दिलं की रक्तदाब उतरला. त्याआधी २००० साली ‘बी’ रिसेप्टर नसलेल्या मोठ्या उंदरांतही हेच दिसलं होतं. मिठाने चढणारा रक्तदाब आणि अमिलोराइडने उतरणारा. या उंदरांचा उल्लेख आला म्हणून सांगते, ‘बी’ रिसेप्टर जन्मतः नसेल तर मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात चेतापेशी पोचत नाहीत आणि अंगावर पांढरे डाग असतात. माणसांच्या बाळांत आतड्याच्या अशाच दोषामुळे शौच अडतं, त्या हिर्शस्प्रुंग आजाराच्या काही घराण्यांत हेच जनुक बिघडलेलं सापडलं. एक रिसेप्टर, आणि त्याच्याकडे मीठ, आतडं, त्वचेचा रंग, सगळं.

तेव्हा तुझं पुस्तक चूक नाही आणि पेपरही चूक नाही. रेणू एकच, पण तो कुठल्या पेशीजवळ सुटला आणि कुठल्या रिसेप्टरवर बसला यावर त्याचं काम ठरतं.

इथे थांबलीस तर मात्र तुझ्या मनात ‘ए वाईट, बी चांगला’ असं पक्कं होईल, आणि ते मला होऊ द्यायचं नाही. कोहान यांच्याच गटाने नंतर कलेक्टिंग डक्टमधून एकेक रिसेप्टर काढून पाहिले. नुसता ‘बी’ काढला तर रक्तदाब चढला, पण एंडोथेलिनच काढल्यावर चढला होता तेवढा नाही. नुसता ‘ए’ काढला तर रक्तदाब बदलला नाही. दोन्ही काढले तेव्हा पुन्हा पूर्ण चढला. म्हणजे मीठ बाहेर टाकण्यात ‘ए’चाही हात आहे, ‘बी’ असताना तो दिसत नाही एवढंच. २०१३ मध्ये त्यांनी ‘ए’ अडवणारी औषधं निरोगी उंदरांना दिली, अंगात पाणी साठलं. ज्यांच्या किडनीतल्या नलिकेत ‘ए’ रिसेप्टरच नव्हता त्यांच्यात साठलं नाही. याचा अर्थ ज्या गोळीने गाळणीला आराम मिळतो, तीच गोळी त्याच किडनीत थोडं पुढे, नलिकेत, मीठ अडवून ठेवते. खालच्या प्रश्नाचं उत्तर वाच, तुला ते माणसाच्या पायांवर दिसेल. आणि सरांना हा पेपर नेऊन दे. त्यांना वेळ मिळाला की ते वाचतील.

प्रश्न : मला स्क्लेरोडर्मा, म्हणजे त्वचा घट्ट होत जाणारा आजार, आहे आणि त्यामुळे फुप्फुसातला रक्तदाब वाढला आहे. चार महिन्यांपासून अँब्रिसेंटन सुरू आहे. दम बराच कमी झाला, पण घोट्यांवर सूज येते, चप्पल घट्ट होते. हिमोग्लोबिन १२ वरून १०.८ वर आलं. क्रिएटिनिन पूर्वीइतकंच आहे. माझी किडनी बिघडते आहे का? गोळी बंद करू का? — एक वाचक, सोलापूर

उत्तर : ताई, गोळी स्वतःहून बंद करू नका. अचानक थांबवल्याने फुप्फुसातला दाब पुन्हा उसळू शकतो. तुमच्या पत्रावरून किडनी बिघडल्याचं दिसत नाही. ही सूज बहुधा या औषधाच्या कामातूनच येते आहे. अँब्रिसेंटन ‘ए’ रिसेप्टर अडवते. फुप्फुसातल्या वाहिन्या सैल होतात, दम कमी होतो. पण किडनीच्या नलिकेत मीठ आणि पाणी थोडं मागे राहतं. रक्तातलं पाणी वाढलं की तेच हिमोग्लोबिन जास्त पाण्यात पसरतं आणि आकडा खाली दिसतो. तरीही लोह आणि रक्तस्राव यांची चौकशी डॉक्टरांनी एकदा करायला हवी, विशेषतः स्क्लेरोडर्मात.

ही सूज किरकोळ मानू नका, हे मी जोर देऊन सांगते. मधुमेही किडनीविकारात अॅव्होसेंटन नावाचं, एंडोथेलिन अडवणारंच, औषध १३९२ रुग्णांवर तपासत होते. लघवीतलं प्रोटीन छान उतरलं, पण अंगात पाणी साठून हृदय निकामी होण्याचे प्रसंग इतके वाढले की सरासरी चार महिन्यांतच चाचणी थांबवावी लागली. डोस फार मोठे होते. त्यातून शिकून अॅट्रासेंटनच्या चाचणीत फक्त ०.७५ मिलिग्रॅम डोस घेतला, आधी सहा आठवडे सगळ्यांना औषध देऊन पाहिलं, आणि ज्यांचं प्रोटीन निदान ३० टक्के उतरलं व अंगात पाणी साठलं नाही अशा २६४८ जणांना मुख्य गटात धरलं. २०१९ मध्ये निकाल आला. क्रिएटिनिन दुप्पट होणं किंवा किडनी निकामी होणं औषधाच्या गटात ६ टक्के, दुसऱ्या गटात ७.९ टक्के. त्या सहा आठवड्यांच्या चाळणीला मी फार मानते. कुणाला औषध सोसतं हे आधी पाहून मग पुढे जायचं, हा शहाणपणा आधीच्या रुग्णांच्या त्रासातून आला आहे. अलीकडे झायबोटेंटन हे त्याच गटातलं औषध डॅपाग्लिफ्लोझिनबरोबर देऊन पाहिलं. डॅपाग्लिफ्लोझिन मीठ आणि पाणी बाहेर टाकायला मदत करतं. झायबोटेंटनचा डोस १.५ मिलिग्रॅम होता तेव्हा १८ टक्के लोकांत पाणी साठलं, पाव मिलिग्रॅम होता तेव्हा ९ टक्के, आणि नुसत्या डॅपाग्लिफ्लोझिनवर ८ टक्के. डोसवर किती अवलंबून असतं ते यात दिसतं.

तुम्ही रोज सकाळी, लघवी करून आल्यावर, काही खाण्याआधी वजन करा आणि वहीत लिहा. दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोंनी वाढलं, उताणं झोपल्यावर दम लागू लागला किंवा सूज गुडघ्यापर्यंत आली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. अशा वेळी ते लघवी वाढवणारी गोळी देतात किंवा औषध बदलण्याचा विचार करतात. ही सूज औषधाची आहे की उजव्या हृदयावरचा ताण वाढल्याची, हे त्यांनाच इकोवरून ठरवावं लागेल.

प्रश्न : मी मधुमेही आहे, वय ६८. रक्तातलं एंडोथेलिन तपासून घेतलं तर किडनीचा धोका आधी कळेल का? कुठल्या लॅबमध्ये होतं? — एक निवृत्त शिक्षक, रत्नागिरी

उत्तर : गुरुजी, त्यावर पैसे घालवू नका. अस्तराच्या पेशी बरंचसं एंडोथेलिन रक्ताच्या बाजूला सोडतच नाहीत, उलट्या बाजूला, वाहिनीच्या स्नायूकडे सोडतात. रक्तात जे थोडं येतं ते फुप्फुसातला ‘बी’ रिसेप्टर टिपून टाकतो. त्यामुळे रक्तातला आकडा अगदी बारीक असतो आणि किडनीत काय चाललंय ते सांगत नाही. लघवीतलं एंडोथेलिन मुख्यतः किडनीचंच असतं, पण ते संशोधनात मोजतात, उपचारात नाही. तुमच्या कामाची तपासणी कुठल्याही चांगल्या लॅबमध्ये होते. सकाळच्या पहिल्या लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर, लॅबवाल्यांच्या भाषेत ‘युरिन एसीआर’, आणि त्याबरोबर रक्तातलं क्रिएटिनिन. वर्षातून एकदा तरी. एसीआर ३० च्या वर आलं तर घाबरून लगेच निष्कर्ष काढू नका. ताप, लघवीचा संसर्ग किंवा आदल्या दिवशीची दगदग यांनीही ते वाढतं. तीन महिन्यांत पुन्हा दोनदा करा, आणि दोन वेळा वर आलं तर अहवाल घेऊन डॉक्टरांकडे जा.